डोंगल सीडी म्हणून दिसतो, मोडेम म्हणून नाही: ड्रायव्हर नेमका कुठे अडतो?

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज ७ काढून लिनक्स मिंट टाकलं. हुआवे ई१७३ हा यूएसबी डोंगल विंडोजवर चालायचा. आता तो लावला की डेस्कटॉपवर सीडीचं चिन्ह येतं, आत सेटअपच्या फायली दिसतात, पण नेटवर्कच्या यादीत मोबाइल ब्रॉडबँड येत नाही. सीडीतली लिनक्सची फाइल चालवली तर ती मध्येच बंद पडते. घरातल्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर तोच डोंगल पिवळं उद्गारचिन्ह दाखवतो. ड्रायव्हर कुठून आणायचा?

मिंटसाठी ड्रायव्हर कुठूनही आणायचा नाही. ई१७३ ला लागणारा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, गेली कित्येक वर्षं आहे. सीडीतला लिनक्सचा इन्स्टॉलर त्या काळच्या उबुंटू-फेडोरासाठी बनवलेला आहे, तो पुन्हा चालवू नका. अर्धवट चालला तर स्वतःच्या डायलर फायली आणि यूडेव्हचे नियम (उपकरण लावल्यावर काय करायचं ते लिनक्सला सांगणारे) मागे ठेवून जातो आणि मग खरं काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या वाटेत येतो. आधी चालवला असेल तर '/ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी' या फोल्डरमध्ये त्याने काही टाकलंय का ते बघा आणि टाकलं असेल तर ती फाइल बाजूला काढा.

'ड्रायव्हर नाही' असं आपण म्हणतो तेव्हा डोंगल पाचपैकी एका ठिकाणी अडलेला असतो. पोर्टमधून पुरेशी वीज मिळत नाही. किंवा तो सीडीच्या रूपातून मोडेमच्या रूपात आलाच नाही. किंवा आला, पण कर्नलच्या ड्रायव्हरने त्याला धरलं नाही. किंवा धरलं, पण मोडेममॅनेजरला (लिनक्सवर मोडेम सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला) तो सापडला नाही. किंवा सगळं जागेवर आहे आणि अडचण सिमची वा नेटवर्कची आहे. यातलं नेमकं कोणतं, हे कळायच्या आधी काहीही इन्स्टॉल करू नका. शोधायला दहा मिनिटं पुरतात.

एक सूचना: आज्ञा आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. 'सिस' म्हणजे एस-वाय-एस, 'ईटीसी' म्हणजे ई-टी-सी, 'डीमेसेज' म्हणजे डी-एम-ई-एस-जी. 'एटी'ने सुरू होणाऱ्या मोडेमच्या आज्ञा मोठ्या अक्षरांत द्या; बाकी जिथे मोठं अक्षर टाइप करायचंय तिथे तसं सांगितलंय.

आधी एक गोष्ट तपासा, नाहीतर सगळी मेहनत वाया जाईल

ई१७३ हा ३जी डोंगल आहे. त्याला ४जी कळत नाही. जिओकडे २जी-३जी कधी नव्हतंच, २०१६ मध्ये सेवा सुरू झाली तीच ४जीवर. त्यामुळे जिओचं सिम या डोंगलमध्ये कोणत्याही ड्रायव्हरने चालणार नाही. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून ३जी बंद करायला घेतलं, त्यामुळे एअरटेलचं सिम टाकलंत तर डोंगल फार तर २जी धरेल. म्हणजे जोडणी होईल, पण साधं पान उघडायलाही जीव जाईल. इतर कंपन्यांचं ३जी तुमच्या टॉवरवर अजून आहे का, हे फोनवरून कळतं: सिम फोनमध्ये टाका, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'फक्त ३जी' निवडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. रेंज आली नाही तर पुढचं वाचून त्याच सिमवर वेगवान नेट मिळणार नाही. शेवटी ४जी डोंगलबद्दल लिहिलंय ते बघा. आणि डोंगल जुन्या सीडीएमए सेवेचा असेल (फोटॉन, नेटकनेक्ट वगैरे), तर ती सेवाच उरलेली नाही. त्यावर वेळ घालवू नका.

आयडी बघा

डोंगल काढा. टर्मिनल उघडून 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' चालू ठेवा (यात डब्ल्यू छोटा), मग डोंगल लावा आणि वीस सेकंद नुसतं बघा. दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' द्या. अशी ओळ दिसेल:

बस ००१ डिव्हाइस ००५: आयडी १२डी१:१४४६ हुआवे टेक्नॉलॉजीज

विसर्गचिन्हाच्या डावीकडचा १२डी१ हा कंपनीचा क्रमांक. हुआवेचा तो कायम हाच असतो, झेडटीईचा १९डी२. उजवीकडचा १४४६ हा डोंगलच्या *सध्याच्या रूपाचा* क्रमांक, आणि निदान त्यावरच होतं. १४४६ म्हणजे डोंगल अजून सीडीच्या रूपात आहे. मोडेमच्या रूपात आला की तोच डोंगल १४३६, १४०सी, १४एसी, १५०६ किंवा १००१ असा एखादा क्रमांक दाखवतो. कोणता, ते फर्मवेअरवर (डोंगलच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) अवलंबून. झेडटीईच्या बऱ्याच डोंगलांत २००० म्हणजे सीडी आणि ००३१ म्हणजे मोडेम. लावल्यावर लगेच एक क्रमांक आणि वीस सेकंदांनी दुसरा, असे दोन्ही कागदावर लिहून ठेवा.

ओळ अजिबातच आली नाही, किंवा येते-जाते आहे, तर ड्रायव्हरचा विचार सोडून आधी विजेकडे बघा.

वीज

यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील असतो. टॉवर लांब असेल तर मोडेम पूर्ण ताकदीने प्रसारण करतो आणि त्या क्षणी त्याची भूक अचानक वाढते. म्हणून खास प्रकारचा बिघाड दिसतो: डोंगल लावला की ओळखला जातो, दिवा लागतो, आणि नेटवर्क शोधायला लागला किंवा 'कनेक्ट' दाबलं की गायब होतो. डीमेसेजमध्ये 'डिस्कनेक्ट' आणि लगेच पुन्हा 'न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस' अशा जोड्या येत राहतात, किंवा एरर -७१ आणि -११० दिसतात. -७१ म्हणजे यूएसबीवरचं बोलणं तुटलं, -११० म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही. दोन्हींच्या मागे बहुतेकदा वायर, पोर्ट किंवा वीज असते.

लांब एक्स्टेन्शन वायर काढा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी थेट मदरबोर्डवरच्या मागच्या पोर्टला लावा. वीज नसलेला हब वापरू नका. स्वतंत्र अडॉप्टर असलेला हब चालेल. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर हे जास्त जपावं लागतं: पाय ४ वर चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर मिळतात, आणि पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॉप्टर नसेल तर तो सगळ्या पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरवरच रोखून धरतो. त्यात हार्ड डिस्कही लावली असेल तर डोंगल टिकणार नाही.

दहा-पंधरा मिनिटं नीट चालून मग डोंगल झोपतो, असा प्रकार असेल तर तो वीज वाचवण्याच्या सेटिंगचा असू शकतो. लॅपटॉपवर टीएलपी हा वीज वाचवणारा प्रोग्रॅम टाकला असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी_एक्सक्लूड_डब्ल्यूवॅन' (सगळी मोठी अक्षरं) याची किंमत १ करा.

रूप बदलणं: तुमची अडचण बहुधा इथे आहे

डोंगल सीडी का बनतो, हे समजलं की पुढचं सोपं जातं. विंडोजवाल्याला वेगळी सीडी द्यायला लागू नये म्हणून कंपन्यांनी इन्स्टॉलर डोंगलच्याच मेमरीत ठेवला. लावला की तो सांगतो, मी सीडी ड्राइव्ह आहे. विंडोज त्यातून ड्रायव्हर टाकून घेतं आणि मग तो ड्रायव्हर डोंगलला एक ठरावीक संदेश पाठवतो: आता मोडेम हो. डोंगल स्वतःला यूएसबीवरून तोडून घेतो आणि नव्या क्रमांकाने परत जोडला जातो. लिनक्सवर हा संदेश 'यूएसबी_मोडस्विच' नावाचा छोटा प्रोग्रॅम पाठवतो. तो नसेल किंवा त्याला तुमच्या डोंगलचा क्रमांक माहीत नसेल, तर डोंगल जन्मभर सीडीच राहतो. तुमच्याकडे दिसतंय ते तंतोतंत असंच आहे.

हा संदेश ३१ बाइटचा असतो. सुरुवातीचे चार बाइट ५५ ५३ ४२ ४३, म्हणजे 'यू, एस, बी, सी' ही अक्षरं. यूएसबी डिस्कला दिली जाणारी प्रत्येक आज्ञा याच चार अक्षरांनी सुरू होते. पुढे लांबी वगैरे माहिती आणि मग प्रत्यक्ष आज्ञा. हुआवेच्या या पिढीत ती ११ ०६ ने सुरू होते आणि ती कंपनीची स्वतःची आहे. इतर काही कंपन्यांचे डोंगल साध्या 'सीडी बाहेर काढ' या आज्ञेवरच रूप बदलतात, म्हणून काही वेळा सीडीच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' केलं तरी मोडेम उगवतो. ई१७३ बाबत त्यावर अवलंबून राहू नका.

आता करायचं काय:

सुडो एपीटी इन्स्टॉल यूएसबी-मोडस्विच यूएसबी-मोडस्विच-डेटा

दोन्ही पॅकेजं हवीत. पहिलं म्हणजे प्रोग्रॅम, दुसरं म्हणजे कोणत्या डोंगलला कोणता संदेश द्यायचा याची यादी. नुसतं पहिलं असेल तर हाताने चालतं, पण डोंगल लावल्यावर आपोआप काही होत नाही. मशीनवर नेट नाही ही तर मूळ अडचण, म्हणून फोन यूएसबीने जोडून 'यूएसबी टिथरिंग' चालू करा. मिंटला त्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही.

डोंगल काढून पुन्हा लावा, वीस सेकंदांनी एलएसयूएसबी बघा. क्रमांक बदलला तर हा टप्पा संपला. नाही बदलला तर हाताने ढकला:

सुडो यूएसबी_मोडस्विच -व्ही १२डी१ -पी १४४६ -जे

इथे व्ही आणि पी लहान अक्षरात, जे मात्र मोठ्या अक्षरात. जे म्हणजे हुआवेचा नवा संदेश. ई२२० सारख्या अगदी जुन्या डोंगलांना मोठ्या अक्षरातला एच लागतो, ४जीच्या काहींना मोठा एक्स. यातलं चुकीचं अक्षर दिलं म्हणून डोंगल खराब होत नाही, तो फक्त दाद देत नाही. काढून परत लावा आणि दुसरं अक्षर द्या.

हाताने होतं पण आपोआप होत नाही, तर '/ईटीसी/यूएसबी_मोडस्विच.कॉन्फ' ही फाइल उघडा. 'डिसेबलस्विचिंग' पुढे ० आहे ना ते बघा आणि 'एनेबललॉगिंग' पुढे १ करा. डोंगल पुन्हा लावला की '/व्हार/लॉग'मध्ये यूएसबी_मोडस्विच नावाची फाइल तयार होते. तुमचा क्रमांक यादीत सापडला का, संदेश पाठवला का, त्यानंतर डोंगल कोणत्या क्रमांकाने परत आला, हे त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ती फाइल पाच मिनिटं वाचलेली बरी.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं, 'पाहुणं' मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) हे करत असाल तर एक अडचण हमखास येते. तुम्ही पाहुण्या मशीनला १४४६ क्रमांकाचं उपकरण दिलेलं असतं. रूप बदलताच क्रमांक बदलतो आणि डोंगल परत यजमान मशीनकडे जातो. यूएसबी फिल्टरमध्ये फक्त कंपनीचा क्रमांक ठेवा, उजवीकडचा रिकामा सोडा.

कर्नलने त्याला धरलं का?

क्रमांक बदलला की डीमेसेजमध्ये या ओळी दिसायला हव्यात: 'जीएसएम मोडेम (१-पोर्ट) कन्व्हर्टर डिटेक्टेड', आणि लगेच 'नाऊ अटॅच्ड टू टीटीवाययूएसबी०', मग टीटीवाययूएसबी१, टीटीवाययूएसबी२ (लिनक्सने मोडेमच्या पोर्टना दिलेली ही नावं). हे काम करणाऱ्या ड्रायव्हरचं नाव 'ऑप्शन'. नाव बेल्जियमच्या ऑप्शन कंपनीच्या कार्डांवरून पडलं, पण आज तो हुआवे, झेडटीई, क्वेक्टेल अशा असंख्य मोडेमना चालवतो. 'माझा डोंगल ऑप्शनचा नाही, मग हा ड्रायव्हर कसा' अशी शंका मनात आणू नका.

'एलएसयूएसबी -टी' दिलं की डोंगलच्या प्रत्येक भागासमोर कोणता ड्रायव्हर बसलाय ते कळतं:

इफ ०, क्लास=व्हेंडर स्पेसिफिक, ड्रायव्हर=ऑप्शन
इफ १, क्लास=व्हेंडर स्पेसिफिक, ड्रायव्हर=ऑप्शन
इफ २, क्लास=व्हेंडर स्पेसिफिक, ड्रायव्हर=ऑप्शन
इफ ३, क्लास=मास स्टोरेज, ड्रायव्हर=यूएसबी-स्टोरेज

मोडेमच्या रूपात आल्यावरही मास स्टोरेजची ओळ राहते. ती सीडी आणि मेमरी कार्डाच्या खाचेची आहे, तिला हात लावू नका. व्हेंडर स्पेसिफिकसमोर 'ड्रायव्हर=' नंतर रिकामं असेल, तर मात्र कर्नलने डोंगल धरलेला नाही.

तसं असेल तर 'सुडो मॉडप्रोब ऑप्शन' द्या; ही आज्ञा ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलचा सुटा भाग) चढवते. 'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं तर दोनच शक्यता जास्त करून असतात. कर्नल अपडेट झालंय आणि मशीन अजून रीस्टार्ट केलेलं नाही, त्यामुळे चालू कर्नलच्या मॉड्यूल फायली डिस्कवर उरलेल्याच नाहीत, रीस्टार्ट करा. किंवा छाटलेलं कर्नल आहे: उबुंटूच्या व्हर्च्युअल वा क्लाउड आवृत्तीत 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. ओपनडब्ल्यूआरटी राउटरवर 'केमॉड-यूएसबी-सीरियल-ऑप्शन' आणि 'यूएसबी-मोडस्विच' ही दोन टाकल्याशिवाय काहीच होत नाही.

मॉड्यूल आहे, पण तुमचा क्रमांक त्याच्या यादीत नाही, असं क्वचित होतं, बहुधा फारशा न चाललेल्या कंपनीच्या डोंगलबाबत. तेव्हा क्रमांक हाताने सांगता येतो:

एको १२डी१ १४३६ | सुडो टी /सिस/बस/यूएसबी-सीरियल/ड्रायव्हर्स/ऑप्शन१/न्यू_आयडी

इथे 'टी' म्हणजे टी-ई-ई. फोल्डरचं नाव 'ऑप्शन१' आहे, नुसतं 'ऑप्शन' नाही. बरेच जण इथेच चुकतात. क्रमांकांच्या मध्ये विसर्गचिन्ह नको, मोकळी जागा हवी. आणि हा उपाय जपून करा. असं सांगितलं की ऑप्शन त्या डोंगलचे मोकळे असलेले *सगळे* भाग धरतो, नेटवर्क कार्डाचा भागसुद्धा. ४जी डोंगलवर अंधपणे ही ओळ टाकली तर टीटीवाययूएसबीचे पोर्ट छान उगवतात आणि नेट मात्र कधीच चालत नाही, कारण 'क्यूएमआय_डब्ल्यूवॅन' किंवा 'हुआवे_सीडीसी_एनसीएम' या ड्रायव्हरची जागा ऑप्शनने बळकावलेली असते. ई१७३ मध्ये नेट टीटीवाययूएसबी०वरूनच जातं, म्हणून तिथे हा धोका कमी. मशीन बंद केलं की हा बदल पुसला जातो.

मोडेमशी थेट बोलून बघा

पोर्ट तयार झाले की मोडेमला प्रत्यक्ष विचारता येतं, आणि ते कुठल्याही सेटिंगच्या खिडकीपेक्षा खरं उत्तर देतं. आधी मोडेममॅनेजर थांबवा ('सुडो सिस्टेमसीटीएल स्टॉप मोडेममॅनेजर', यात दोन्ही एम मोठे), नाहीतर दोघं एकाच पोर्टवर बोलतात आणि उत्तरं एकमेकांत मिसळतात. मग मिनिकॉम हा पोर्टशी बोलायचा प्रोग्रॅम चालवा: 'सुडो मिनिकॉम -डी /डेव्ह/टीटीवाययूएसबी२', यातले -डी आणि यूएसबी मोठ्या अक्षरांत. ई१७३ वर तीन पोर्टपैकी पहिला डायल करण्यासाठी आणि शेवटचा अशा गप्पांसाठी असतो. मधल्यावर तुमच्या आज्ञांना उत्तर येणार नाही, ते बिघाडाचं लक्षण नाही.

'एटी' टाइप करून एंटर. 'ओके' आलं, तर ड्रायव्हरचा विषय इथे संपला. यापुढे जी अडचण असेल ती सिम, सिग्नल किंवा सेटिंगची.

'एटी+सीपीआयएन?' याला 'रेडी' यायला हवं. 'सिम पिन' आलं तर सिमला पिन आहे. फोनमध्ये टाकून पिनची मागणी बंद करा. 'सीएमई एरर: १०' म्हणजे मोडेमला सिम दिसतच नाही. ई१७३ मध्ये जुनं मोठं सिम लागतं, २५ बाय १५ मिलिमीटरचं. नॅनो सिम प्लास्टिकच्या अडॉप्टरमध्ये ठेवून घातलं की ते केसभर सरकतं आणि संपर्क सुटतो. मागून पातळ चिकटपट्टी लावून सिम अडॉप्टरमध्ये पक्कं बसवा. पण अडॉप्टर रिकामा कधीच आत ढकलू नका, काढताना आतल्या पिना वाकतात.

'एटी+सीएसक्यू' सिग्नल सांगतो, ० ते ३१ मध्ये. आकडा दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) मिळतो: १० म्हणजे उणे ९३. १० च्या खाली जोडणी कुरकुरते, ९९ म्हणजे सिग्नल कळतच नाही.

'एटी+सीआरईजी?' च्या उत्तरातला दुसरा आकडा बघा. १ म्हणजे आपल्या नेटवर्कवर नोंद झाली, ५ म्हणजे रोमिंगवर, २ म्हणजे अजून शोधतोय, ३ म्हणजे नेटवर्कने नाकारलं. ३ येत असेल तर सिम बंद पडलंय का ते आधी बघा.

कंपनीच्या दुकानातून घेतलेला डोंगल दुसऱ्या कंपनीच्या सिमवर अडत असेल तर 'एटी^कार्डलॉक?' विचारा. उत्तर '१,१०,०' म्हणजे डोंगल त्या कंपनीला बांधलेला आहे आणि कोड टाकायच्या १० संधी शिल्लक आहेत. २ ने सुरू झालं तर मोकळा आहे. इंटरनेटवर मिळतात ते कोड एकामागून एक टाकत बसू नका. दहा संधी संपल्या की तो कायमचा बांधलेलाच राहतो.

टर्मिनलशिवाय ओळखायचं असेल तर दिवा वाचा. ई१७३ चा दिवा दर तीन सेकंदांनी दोनदा हिरवा लुकलुकतो तेव्हा त्याला फक्त वीज मिळालेली असते. तीन सेकंदांनी एकदाच हिरवा म्हणजे २जीवर नोंद, एकदाच निळा म्हणजे ३जीवर. स्थिर हिरवा, निळा किंवा आकाशी म्हणजे डेटा चालू. आकाशी सर्वांत वेगवान. वर एअरटेलबद्दल म्हटलं ते इथे डोळ्यांनी दिसतं: दिवा हिरव्यापुढे जातच नाही.

रोज रोज रूप बदलण्याची कटकट नको असेल तर 'एटी^यू२डायग=०' ही आज्ञा आतली सीडी कायमची बंद करते आणि डोंगल लावताच मोडेम म्हणून उभा राहतो. राउटर किंवा रास्पबेरी पायसाठी हे उत्तम. पण तोच डोंगल विंडोजवरही वापरायचा असेल तर आधी सीडीतल्या फायली कॉपी करून ठेवा. पूर्ववत करायला ० च्या जागी २५५. नव्या हुआवे डोंगलांत याऐवजी 'सेटपोर्ट' आज्ञा असते. तिथे अंदाजाने आकडे टाकू नका, बोलण्याचा पोर्टच बंद झाला तर परत आज्ञा द्यायला वाट राहत नाही.

मोडेममॅनेजर आणि एपीएन

मिनिकॉम बंद करून मोडेममॅनेजर पुन्हा सुरू करा, डोंगल काढून लावा आणि अर्धं मिनिट थांबा. तो प्रत्येक पोर्ट चाचपून बघतो, त्याला वेळ लागतो; लोक दहाव्या सेकंदाला 'येत नाही' म्हणून डोंगल उपटतात. 'एमएमसीएलआय -एल' (मोठा एल) मध्ये डोंगलचं नाव आलं की नेटवर्कच्या खिडकीत नवी जोडणी करा: मोबाइल ब्रॉडबँड, भारत, तुमची कंपनी. एपीएन (कंपनीच्या डेटा जोडणीचं नाव) आपोआप भरलं तरी वाचून बघा, त्या यादीत जुनी नावं असतात. बीएसएनएलचं 'बीएसएनएलनेट', एअरटेलचं 'एअरटेलजीपीआरएस.कॉम'. ही नावंही रोमन लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता. क्रमांक *९९#. वापरकर्ता आणि पासवर्ड रिकामे.

जोडणी होते आणि दोन सेकंदांत तुटते, तर बहुतेकदा एपीएन चुकलेला असतो किंवा सिमवर डेटा पॅक नसतो. दोन्ही ठीक असतील तर 'जर्नलसीटीएल -यू मोडेममॅनेजर -एफ' चालू ठेवून पुन्हा जोडा; नकार कुठून येतोय ते तिथे लिहून येतं.

विंडोज ११ चं पिवळं चिन्ह

विंडोज ८ पासून एमबीआयएम या प्रमाण पद्धतीने बोलणारे मोडेम वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. ई१७३ त्या पद्धतीचा नाही, त्याला हुआवेचाच ड्रायव्हर लागतो, आणि सीडीवरचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या काळातला आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ओळीवर दोनदा क्लिक करून कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला मान्य नाही. ३९ आला तर 'कोअर आयसोलेशन'मधली 'मेमरी इंटेग्रिटी' ही विंडोजची सुरक्षा सोय जुना ड्रायव्हर रोखत असण्याची शक्यता मोठी. विंडोज सिक्युरिटीत त्याच पानावर न चालणाऱ्या ड्रायव्हरची यादी असते, तिथे नाव दिसलं की खात्री होते. १० आला तर आधी पोर्ट बदलून बघा.

जुन्यावर नवा ड्रायव्हर टाकत जाऊ नका. डोंगल काढा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'शो हिडन डिव्हाइसेस' करून डोंगलच्या सगळ्या फिकट ओळी काढून टाका, मग 'पीएनपीयूटिल /एनम-ड्रायव्हर्स' मधून हुआवेच्या, 'ओईएम'ने नाव सुरू होणाऱ्या फायली शोधून त्या 'पीएनपीयूटिल /डिलीट-ड्रायव्हर' ने काढा, रीस्टार्ट करा आणि नंतरच नवी आवृत्ती टाका. एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपवर इंटेलसाठीचा ड्रायव्हर बसतच नाही, तिथे प्रयत्न सोडून द्या. मेमरी इंटेग्रिटी बंद केली की जुना ड्रायव्हर चालतो खरा, पण एका डोंगलसाठी बँकेचे व्यवहार होणाऱ्या लॅपटॉपचं कवच कायमचं काढून ठेवावं, असं मी कुणालाही सुचवणार नाही. मिंटच्या लॅपटॉपवर डोंगल चालवा आणि तिथून वाय-फायने नेट वाटून घ्या.

४जी डोंगल घ्यायचा झाला तर

हुआवेचा ई३३७२ जुन्या बाजारात सहज मिळतो, पण पाठीवरचा पूर्ण क्रमांक वाचा. ई३३७२एच-६०७ मध्ये २३०० मेगाहर्ट्झचा बँड ४० आहे, जो जिओ आणि एअरटेल वापरतात. ई३३७२एच-१५३ मध्ये तो नाही; तो मुख्यतः १८०० वर, म्हणजे बँड ३ वर विसंबून राहील. तुमच्या गावात टॉवर कोणत्या बँडवर आहे ते फोनमधल्या एखाद्या सिग्नल दाखवणाऱ्या अॅपमधून आधी बघा. जिओचा एपीएन 'जिओनेट'.

यातले बरेच डोंगल 'हायलिंक' फर्मवेअरचे असतात. ते १२डी१:१एफ०१ वरून १४डीसी होतात आणि मोडेम म्हणून नाही, तर नेटवर्क कार्ड म्हणून उभे राहतात, ड्रायव्हर 'सीडीसी_ईथर'. टीटीवाययूएसबी पोर्ट दिसणार नाहीत, मोडेममॅनेजरच्या यादीत काही येणार नाही, आणि ते बरोबरच आहे. डायल करण्याचं काम डोंगल स्वतःच करतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडा, एपीएन तिथेच भरा. घरातला राउटरही १९२.१६८.८ च्याच मालिकेत असेल तर दोघांपैकी एकाचा पत्ता बदलावा लागेल. आणि यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टमध्ये लावून वेग पडत असेल तर अर्ध्या मीटरची चांगली एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल लॅपटॉपपासून दूर ठेवा: यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि बँड ४० त्याला लागूनच आहे.